कवापासून?

मलकापूरच्या जनावरांच्या दवाखान्यातला तो कंपाउंडर तुम्ही पाहिला असता तर विसरला नसता. मांजर टेबलावर ठेवलं की तो त्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून वर ओढायचा आणि सोडायचा. ती लगेच खाली बसली नाही, तर अंगातलं पाणी आटलंय हे त्याला कळायचं. मग वर न बघताच विचारायचा, "कवापासून?"

सगळे 'कालपासून' म्हणत. तो मांजराचा ओठ उचलून हिरड्या पाहायचा. "मांजर खोटं नाही बोलत," म्हणायचा, "मालक बोलते." एका म्हातारीचं मेलेलं पिल्लू त्याने तिच्याच भाजीच्या पिशवीत घालून परत दिलं, आणि पुढच्याला आत बोलावलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमचा बोका माझ्या मुलीचा. ती तेव्हा नऊ वर्षांची. गुरुवारी ती म्हणाली, बोका सारखा वाळूत जाऊन बसतो, कण्हतो, पण वाळू कोरडीच राहते. मी जिनिंग फॅक्टरीत वजनकाट्यावर कामाला होतो, कापसाचा हंगाम. पोट गच्च झालं असेल, म्हणालो. शुक्रवारी तिनं पुन्हा सांगितलं, तर तिच्यावर ओरडलो. शनिवारी बोका ओकला आणि खाटेखालून बाहेरच येईना, तेव्हा नेला.

कंपाउंडरने पोट चाचपलं. लघवीची पिशवी चेंडूसारखी टणक झाली होती. डॉक्टरांनी नळी घालून पाहिली. बोका टेबलावरच गेला.

"कोनाचं मांजर?" कंपाउंडरने विचारलं.

"माझं," मुलगी म्हणाली.

"तीन दिवस मुतला नाही हा. तुले दिसलं नाही?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचत राहिलो.

"तुह्यामुळंच मेला मंग," तो म्हणाला, आणि टेबल पुसायला लागला.

घरी येताना स्कूटरवर ती मागे बसली होती, मला न धरता.

गेल्या महिन्यात तो कंपाउंडर वारला. मुलगी आता नागपुरात जनावरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी तिला फोन करून सांगितलं. वाटलं, तेव्हाचं आज बोलून टाकावं.

ती म्हणाली, "माणूस कडू होता, पण खरं बोलला, पप्पा. मीच तुम्हाला उशिरा सांगितलं."

गुरुवार ती विसरली होती.

मी "हाव" म्हणून होकार दिला.