काकांना वेबसाइटचं आमंत्रण

केळीला पाणी कधी द्यायचं ते सांगणारं आमचं सॉफ्टवेअर मी कितीतरी वर्षं एका पेन ड्राइव्हवर सांभाळलं. फुकट होतं, कोडही सगळ्यांना खुला. फक्त तो बघायला शहाद्याला माझ्या घरी यावं लागे, एवढीच काय ती अडचण. शेवटी मी तो, जगभरची माणसं जिथे मिळून काम करतात अशा एका वेबसाइटवर नेला.

तिथे नियम असा की जुनं काम ज्याचं त्याने येऊन 'हो, हे माझं' म्हणायचं. तोवर त्यावर 'अज्ञात व्यक्ती' अशी पाटी. निम्म्याहून जास्त कोड ब्राह्मणपुरीच्या माझ्या काकांचा. रिटायर झाल्यावर हट्टाने शिकून त्यांनी तो लिहिला होता. त्यांची मेहनत अज्ञाताच्या नावावर पडलेली मला बघवेना. वेबसाइटने त्यांना तीन ईमेल धाडले. काका ढिम्म. मी फोन लावला.

"मशीनना निरोपवर कोनी येस का?" काका म्हणाले.

आमच्याकडे आमंत्रण द्यायला सख्ख्यांच्या दारातही जातीने जावं लागतं, हे मी विसरलोच होतो. लॅपटॉप, नारळ आणि अक्षता घेऊन एसटीने गेलो. थोड्या अक्षता कीबोर्डमध्ये गेल्या.

काका खूश झाले, पण बटण दाबेनात. "हाई काम मन्हं एकलानं नही," म्हणाले आणि त्यांनी कोड दाखवला. प्रत्येक नियमाखाली त्यांची टीप होती: 'तिनी सांगं.' पानं किती आल्यावर पाणी वाढवायचं, तिनी सांगं. थंडीत किती कमी करायचं, तिनी सांगं. या टिपा मी शंभरदा वाचल्या होत्या. ही कोण, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही, गाढव मी. जन्म केळीत गेलेली काकी समोरच भेंडी चिरत बसली होती. काका बायकोचं नाव घेत नाहीत, कोडमध्येसुद्धा नाही.

तिचं खातं काढायला बसलो. पहिलाच रकाना नावाचा. मी काकांकडे पाहिलं. काका लाजून छताकडे पाहू लागले. आणि मला काकीचं नाव माहीतच नव्हतं. लहानपणापासून तिच्या हातचं जेवलो होतो. फार शरम वाटली.

काकीने विळी बाजूला सारली, हात पदराला पुसले. "सरक," म्हणाली आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधून तिने आपलं नाव लिहिलं. मग चष्मा लावून ती कोडातले नियम वरपासून वाचू लागली.

"हाई मी आसं सांगेलच नही," पहिल्याच टिपेवर ती म्हणाली, आणि काका गुपचूप चहा टाकायला आत गेले.