निरोगी माणसाची नळी

अमरावतीच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत ताहेरभाई बावीस वर्षांपासून तंत्रज्ञ होते. संशोधनासाठी संधिवाताच्या रोग्यांचं रक्त अकोल्याहून यायचं. तुलनेला निरोगी रक्त लागलं, की भाई स्वतःच बाही वर सारायचे. "मी असा ठणठणीत बसून असताना बाहेर कावून शोधता?" म्हणायचे.

त्या दिवशीही रक्ततपासणीची, छोट्या खळग्यांची प्लेट त्यांनीच लावली. मोनोक्लोनल अँटिबॉडी रक्तातलं सूज वाढवणारं एकच प्रथिन नेमकं हेरते; प्रथिन जितकं जास्त, तितका प्लेटवरचा खळगा पिवळा होतो. रोग्यांचे खळगे पिवळे झाले. ताहेरभाईंचा सगळ्यांत गडद झाला.

"नळ्यांची अदलाबदल झाली असन," ते चिडून म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा प्लेट लावली. रंग तोच.

पीएचडी करणारी प्रणाली हळूच म्हणाली, "चाचा, तापानंही वाढते हे. ताप होता काय तुमाले?"

"होता न, परवा."

ताप कसला! चार महिन्यांपासून सकाळी त्यांची बोटं मिटत नव्हती. शर्टाची बटणं बायको, शकीला, लावून द्यायची. पिपेट दाबून दाबून बोटं आखडतात, असं ते तिला सांगत.

"मग आता दुसऱ्या कोणाचं रक्त घेऊ," म्हणत प्रणालीनं त्यांची नळी पुढे केली. "यावरचं लेबल तेवढं काढून टाका."

'निरोगी' लिहिलेलं ते लेबल ताहेरभाई नखानं खरवडत राहिले. ते निघेना. प्रणाली लेबलाकडे बघायचं सोडून त्यांच्या बोटांकडे बघू लागली.