‘बस्सी का शेर’

ज्या बाईंसाठी ऑनलाइन सभा ठरवली, त्यांनाच मी सभेच्या दारातून हाकलून दिलं.

प्रताप नगरमधल्या आमच्या कॉलनीच्या शेवटच्या गल्लीत त्या राहतात. निवृत्त शिक्षिका, एकट्याच. सगळे त्यांना भाभीजी म्हणतात. तीन महिने त्यांच्या फाटकासमोर गटाराचं चेंबर तुंबून वाहत होतं. सफाईवाले यायचे, बांबू खुपसायचे आणि ‘रुकावट आगे कहीं है’ म्हणून निघून जायचे. शेवटी भाभीजी नगरसेवकाच्या घरी ठाण मांडायला निघाल्या. मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, ऑनलाइन मीटिंग ठेवतो, तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगा.

बँकेत जन्मभर मीटिंगा घेतल्यामुळे मला शिस्तीचा भारी सोस. कॉलनीच्या ग्रुपवर ताकीद टाकली: नाव आणि घर नंबर लिहूनच यावं, नाहीतर प्रवेश नाही. मी मराठी माणूस, हिंदीच्या दोन चुका झाल्या, पण दरारा पोचला.

रविवारी सकाळी नगरसेवक चक्क वेळेवर हजर. मी एकेकाला आत घेत होतो, तेवढ्यात बाहेर ताटकळणाऱ्यांच्या यादीत नाव झळकलं: ‘बस्सी का शेर’. आला कुणीतरी टवाळ! मी बटण दाबलं, शेर गायब.

बायको मागून म्हणाली, “अहो, विचारा तरी कोण आहे ते.”

“शेराला घर नंबर असतो का?” म्हणून मी स्वतःच हसून घेतलं.

लगेच फोन वाजला. भाभीजींचा. मीटिंगमध्ये फोन घेणं माझ्या शिस्तीत बसत नाही. कापला. परत वाजला, परत कापला. वर मनात चिडलो: कबूल करूनही बाई आल्या नाहीतच!

लोक बोलत होते, नगरसेवक गल्ल्या टिपून घेत होते. उद्या इंजिनिअर येणार, तो यादीतल्याच गल्ल्या बघणार. शेवटी त्यांनी विचारलं, “आख़िरी गली से कोई? नहीं? मतलब वहाँ सब ठीक है.”

त्याच क्षणी दाराची बेल वाजली. बायकोनं दार उघडलं. भाभीजी. एका हातात चिखलानं माखलेल्या चपला, दुसऱ्या हातात फोन.

“भाईसाब, मुझे अंदर क्यों नहीं लिया?”

फोन त्यांच्या मुलाचा जुना. मुलगा जवळच्याच बस्सी गावात नोकरीला. त्यानं मिजाशीत ठेवलेलं नाव तसंच राहून गेलेलं. आणि एकदा हाकललेला माणूस त्या फोनवरून परत आत येऊ शकत नाही, हे ज्ञान मला तिथे झालं.

मी त्यांना ओढतच माझ्या खुर्चीत बसवलं. “थांबा, थांबा!” मी लॅपटॉपवर ओरडलो. मराठीत, आणि तेही माझा आवाज बंद असताना. बटण सापडेपर्यंत भाभीजींनी पदर नीट केला, हात जोडले, “नमस्कार, मैं...” म्हणाल्या, आणि पडदा कोरा झाला. फुकटच्या मीटिंगची चाळीस मिनिटं संपली होती.

नगरसेवकांना फोन लावला. त्यांचा माणूस म्हणाला, “साहब दूसरी मीटिंग में हैं.” बायकोनं पाणी आणलं, ते मीच प्यायलो.

भाभीजी उठल्या, चपला उचलल्या आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, “तीन महीने से सब पूछ रहे थे कि रुकावट कहाँ है. आज मिल गई.”