रिबकामावशीचा शुक्रवारचा दिवा

रिबकामावशी गेल्याचं सांगायला हमीदाबी स्वतः आल्या. मावशीच्या भिंतीला लागून त्यांचं घर. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "माझी बहन गेली गं..." त्याला आता महिना होऊन गेला.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य गेलेलं, विधवा, एकटी, तरी सदा हसतमुख. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. नाशिकात आमची घरं बोटांवर मोजण्याइतकी. लग्न होऊन मी इथं आले आणि पहिल्याच शुक्रवारी तिला जेवायला बोलावलं. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरच्या बाईनं तेलाचा दिवा लावला की आमचा शब्बाथ सुरू होतो. मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत विस्तवाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, तुझा दिवा माझ्याकडेच लाव. ती म्हणाली, "जिथं पाठ टेकायची, तिथं दिवा. जेवण काय, कुठंही होतं." शिवाय नुसता लावून भागत नाही, त्याच्या उजेडाचा उपयोगही व्हायला हवा. म्हणून ती घरी दिवा लावून पायी यायची आणि तो विझायच्या आत परतायची. दिव्याचा काचेचा पेला सासूच्या वेळचा, अगदी लहान. मोठा घे म्हटलं की तिला नेमकं ऐकू येत नसे.

त्यामुळे व्हायचं असं, की मी नारळाच्या दुधातली खीर वाढायला घ्यावी, आमच्या ह्यांनी शब्बाथची गाणी सुरू करावीत, आणि मावशीनं चपला शोधाव्यात. ह्यांना वाटे, गाण्याला कंटाळून उठते. मला वाटे, माझ्या हाताला चव नाही. तिला एकदा तरी शेवटपर्यंत बसलेली पाहावी, एवढीच माझी हौस होती.

एका हिवाळ्यात मात्र गंमत झाली. मावशी घराला कुलूप न लावता हमीदाबींच्या भरवशावर यायची. त्या शुक्रवारी दिवा मंदावलेला पाहून त्यांनी मायेनं वरून तेल ओतलं. मावशी परतून बघते तर पेला काठोकाठ. शब्बाथात कोणी आपल्यासाठी घातलेल्या तेलाचा उजेड तिला चालणार नव्हता, आणि हे हमीदाबींना सांगून त्यांचं मनही मोडवेना. तिनं घोंगडी उचलली, ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, आत फार उकडतंय. नाशिकच्या थंडीत! हमीदाबीही शाल गुंडाळून सोबतीला आल्या. बाहेर दोघी कुडकुडत गप्पा मारताहेत आणि आत दिवा मजेत जळतोय. हमीदाबींना हे आजवर ठाऊक नाही. वाचकांनीही कृपा करून सांगू नये.

पुढच्या शुक्रवारी, उन्हं असतानाच, मावशी आमच्या दारात हजर. हातात पेला, काखेत वळकटी.

"हमीदाच्या मायेपुढं माझा इलाज नाही. आता शुक्रवारी पाठ इथंच टेकते."

त्या दिवशी तिनं खीर दोनदा मागून घेतली. ह्यांची सगळी गाणी ऐकली आणि म्हणाली, खीर छान झालीय.

तो पेला आता माझ्याकडेच आहे. गेल्या शुक्रवारी आम्हाला दुसरीकडे जेवायचं बोलावणं होतं. मी त्यात तेल घातलं, दिवा लावला आणि निघाले. तिथं गोडाचं वाढायला घेतलं आणि माझी चुळबुळ सुरू झाली. मी उठले तशी यजमानीण हिरमुसून म्हणाली, "जेवण आवडलं नाही का?"

"दिवा वाट बघतोय," मी म्हटलं.

घरी आले तेव्हा ज्योत तेवत होती. तिच्याजवळ बसून आधी पोटभर रडले. मग ओट्यावर कुडकुडणाऱ्या त्या दोघी आठवल्या आणि एकटीच हसत बसले. उजेड वाया गेला नाही.