पडवीतली करवत

शहापूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी साठी उलटल्यावर नक्षी कापायची विजेची करवत घेतली. काका अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे घर सोडून कुठं जाता येत नव्हतं. मोबाइलवर बघत बघत त्या पडवीत प्लायवूडची पानं, मोर कापायला शिकल्या. मोराची मान हमखास तुटायची. "लाकूड ढकलायचं नाय गो, हळू वळवायचं," असं मलाच समजावत त्या नवा तुकडा घ्यायच्या.

एका दुपारी करवत फारच वेळ चालू राहिली, म्हणून मी डोकावले. काकू हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. पातं नुसतंच वरखाली होत होतं, लाकूड नव्हतंच. आतून काका हाका मारत होते.

मी बटण बंद केलं.

"पाणी नको, काय नको, नुसत्या हाका मारतात," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "ह्या करवतीच्या आवाजात काय ऐकू येत नाय. तेवढंच बरं वाटतं."

"मी बसते काकांजवळ," मी म्हटलं. "तुम्ही कापा."

काकांनी माझा हात घट्ट धरला आणि ते काकूंनाच हाका मारत राहिले. बाहेर करवत पुन्हा सुरू झाली. लाकूड कापल्याचा आवाज मात्र आला नाही.