बंडीवर काय ठेवायचं

रेखाचा फोन आला तेव्हा मी शेतात होतो. धान निघाल्यावर त्याच बांधीत लाखोरीची डाळ टाकलेली, ती कशी आली आहे ते पाहत शेताच्या कडेला धुऱ्यावर उभा होतो. रेखा म्हणजे कुंदाताईंची धाकटी बहीण, चिखल्याला असते. तिनं एवढंच सांगितलं की ताई सकाळी गेली, नागपूरच्या दवाखान्यातच गेली, आता घेऊन येतोय. मी ‘बरं’ म्हणालो. माणूस गेल्याचं ऐकून ‘बरं’ म्हणणाऱ्याला काय म्हणावं... पण तोंडातून तेवढंच निघालं. मग धुऱ्यावर बसलो आणि चांगला रडलो. आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि असतं तरी मला त्याचं काही वाटलं नसतं.

कुंदा गजभिये आंधळगावच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या, मी भूगोल. दोघंही एकाच हंगामात नोकरीला लागलो आणि पहिलं भांडण झालं ते नकाशावरून. उत्तर अमेरिकेचा भिंतीवरचा नकाशा कॉलेजात एकच होता आणि माझ्या तासाला तो हमखास त्यांच्या वर्गात सापडायचा. बी.ए.ला अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर होता. बाकीचे प्राध्यापक तो उरकून टाकत. कुंदाताई मात्र त्यातल्या एका प्रकरणावर अर्धा हिवाळा काढायच्या. एकोणिसाव्या शतकात पूर्वेकडची माणसं घरदार आवरून, बैल जुंपून पश्चिमेकडे का निघाली आणि वाटेत त्यांचं काय झालं, ते प्रकरण. मी त्यांना चिडवायचो, की ताई, आपल्या धानवाल्या पोरांना अमेरिकेच्या बैलबंड्यांशी काय घेणं? त्या म्हणायच्या, “भाऊ, नकाशा तुमचा. त्याच्यावर चालणारी माणसं माझी.” आणि नकाशा घेऊन जायच्या. परत आणून द्यायचं मात्र कधी त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

एकदा नकाशा मागायला म्हणून गेलो आणि वर्गातच अडकलो. त्यांनी पोरांना विचारलं होतं, तुमच्या घरातून गाव सोडून कोण गेलं आणि का गेलं? मग एकेक बोलू लागला. भावाभावांत वाटणी झाली आणि वाट्याला काहीच उरलं नाही. तापानं घर बसलं. कोणी सांगितलं, तिकडे काम आहे. एका मुलीचा काका कोणाला न सांगताच गेला होता. कुंदाताई म्हणाल्या, आता अमेरिका ऐका. तिथंही शेतं वाटून वाटून लहान झाली होती, भाव पडले होते, नदीकाठच्या गावांत हिवतापानं माणसं बेजार होती. पश्चिमेला काळी जमीन पडून आहे, असं वर्तमानपत्रं छापत होती. कसेल त्याला जमीन देऊ, असा कायदा पुढे सरकारनं केला. कोणी सोन्याच्या मागे गेलं. कोणाला त्याच्या धर्मावरून शेजाऱ्यांनी राहू दिलं नाही, म्हणून गेलं. एवढं सांगून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, पण ती जागा रिकामी नव्हती, हे पेपरात लिहायचं. तिथं आधीपासून माणसं राहत होती आणि त्यांना उठवलं गेलं. हे ज्यानं लिहिलं नाही, त्याचे मार्क मी कापीन. आणि कापायच्याही.

पण पोरांना त्या आठवतात त्या बंडीच्या तासामुळे. दर वर्षी कोणाची तरी बैलबंडी कॉलेजच्या मैदानात यायची. पोरापोरींनी घरून सामान आणायचं आणि सहा महिन्यांच्या वाटेसाठी ती भरायची. आमची पोरं बंडी भरण्यात हुशार. जड ते चाकावर, हलकं मागं, नाहीतर बंडी उलार होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. कुंदाताई सगळं होऊ द्यायच्या आणि शेवटी सांगायच्या की त्या लोकांच्या बंडीला चाकं चार होती. “मंग ते उलार नाही होत काय, मॅडम?” हा प्रश्न दर वर्षी यायचा आणि दर वर्षी त्या तितक्याच खुशीनं हसायच्या. दुसरी चूकही ठरलेली. बंडी भरली की पोरं टुणकन वर चढून बसायची, जसं जत्रेला निघालेत. खाली उतरा, त्या म्हणायच्या. बैलांनी सामान ओढायचं की तुम्हाला? ती माणसं चालत गेली, बाया पोटुशी असताना चालत गेल्या. मग सगळी वरात तलावाच्या पाळीपर्यंत, त्या उंच मातीच्या बांधापर्यंत, पायी निघायची. पाळीचा चढ लागला की बैल फुसफुसायचे आणि कुंदाताई म्हणायच्या, आता डोंगर आला, गवत संपलं, बर्फ पडायच्या आत पलीकडे जायचं आहे. काय फेकता?

तिथं खरी मजा यायची. कोणी बियाण्याचं पोतं सोडायला तयार नाही, कोणी पेटी. ट्रंका, लोखंडी चुली, आरशाची कपाटं त्या अमेरिकन वाटेवर मैलोन् मैल पडलेली असत, हे त्या तिथं पाळीवर उभ्या राहून सांगायच्या. नद्या उतरताना बंड्या वाहून जात. माळावर झाडच नाही, तर स्वयंपाक कशावर? रानगव्यांचं वाळलेलं शेण वेचून. शहरातल्या बायांना आधी किळस आली, हे ऐकून आमच्या पोरी म्हणायच्या, त्यात काय, गोवऱ्याच तर आहेत. मी हा तास बघायला मुद्दाम जायचो. नोकरीतल्या इतक्या वर्षांत असा तास मला एकदाही घेता आला नाही, हे मोकळेपणानं सांगतो.

एक गोष्ट मात्र त्या घाईघाईनं सांगून टाकायच्या. त्या वाटेवर माणसं मेली ती बहुतेक रोगानं, पटकीनं आणि हगवणीनं, आणि त्यात लेकरं फार. मागं वळून यायची सोय नव्हती. म्हणून वाटेतच, अगदी चाकोरीतच खड्डा करून पुरत आणि जनावरांनी उकरू नये म्हणून वरून सगळ्या बंड्या नेत. मग जागा ओळखू येत नसे. एवढं बोलून त्या फळा पुसू लागायच्या, फळ्यावर काही नसलं तरी.

त्याचं कारण मला त्यांच्या घरी कळलं. लग्न त्यांनी केलं नाही, आंधळगावात आईबरोबर राहायच्या. नागपूरच्या मोठ्या कॉलेजातून बोलावणं आलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं आणि मी त्यांची भरपूर थट्टा केली, की सगळ्या जगाला पश्चिमेला धाडणारी बाई स्वतः आंधळगाव सोडत नाही. थट्टा त्यांनी ऐकून घेतली आणि मला चहाला घरी नेलं. आईला सगळे मायच म्हणतात, मीही. त्या दिवशी मायनंच सांगितलं. त्यांचं मूळ गाव कोंढ्याच्या बाजूला. धम्म घेतल्यावर मेलेली ढोरं ओढायचं काम यांनी सोडलं आणि गावानं यांना शेतावर बोलावणं सोडलं. त्यात पाऊस गेला. चिखल्याच्या खाणीत काम मिळतं असं ऐकून कुंदाताईंचे वडील निघाले. उसनी मागून आणलेली बंडी, कडेवर पहिला मुलगा. मायला आपल्या आईनं दिलेलं जातं सोडवेना. नवरा म्हणाला, राहू दे, बैल थकले आहेत. मायनं हट्टानं ते बंडीवर चढवलं. मग लेकराला निजवायला बंडीत जागा उरली नाही आणि ती त्याला घेऊन उन्हात चालत राहिली. वाटेत त्याला हगवण लागली. आंधळगावच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला त्याला पुरला. पुढे रस्ता रुंद झाला... कोणतं झाड, कोणता खड्डा, काही उरलं नाही. कुंदाताई चिखल्याला जन्मल्या त्या नंतर. “त्या जात्यानं माहं लेकरू खाल्लं,” माय म्हणाली. “अन् जातं मीनंच चढवलं.”

आंधळगाव का सुटलं नाही, ते मला तेव्हा समजलं. लेकीच्या नोकरीमुळे इथं राहायला आल्यापासून माय त्या रस्त्यापासून दूर जायला तयार नव्हती. अमेरिकेचं ते प्रकरण अर्धा हिवाळा का चालायचं, तेही समजलं. या बाईनं आयुष्यभर त्या परक्या मुलखातल्या वाटेवर एकच गोष्ट शोधली, की लेकरू कशानं गेलं. मायच्या डोक्यावरचं जातं तिला उतरवायचं होतं.

आणि तिला ते सापडलं. एका संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात बसलो असताना त्या पुस्तकं मिटून बाहेर आल्या, चेहरा असा की जणू रिझल्ट लागलाय. मायच्या पुढ्यात बसल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं. ज्यांच्या बंड्या हलक्या होत्या त्यांचीही लेकरं गेली, जी बंडीत निजून होती तीही गेली. हजारो माणसं एकाच नदीकाठी मुक्काम करत, तिथंच घाण, तिथलंच पाणी. रोग त्या पाण्यात होता. तुम्हीही मुक्कामाला नाल्याचंच पाणी पीत होते ना? मग ओझ्याचा काही संबंध नाही.

“तो जात्यानं नाही गेला, माय. पाण्यानं गेला.”

माय म्हणाली, “पाणी तं मीनंच पाजलं होतं.”

मी तिथं होतो. कुंदाताईंचा चेहरा उतरला तो मी पाहिला. इतक्या वर्षांचा अभ्यास, आणि त्यानं आईच्या हातात दगडापेक्षा जड काहीतरी दिलं होतं. माझ्यासारखा असता तर उठून आत गेला असता, नाहीतर काहीतरी गुळगुळीत बोलला असता. त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी मायचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, “त्याले तहान लागली होती ना?”

“लागली होती. ओठ सुकले होते त्याचे.”

“मंग तू पाजलं. पेला ना तो?”

“पेला...” माय म्हणाली. “पोटभर पेला.”

त्यानंतर माय रडली. रेखा म्हणते, तिनं मायला या गोष्टीवर रडताना आधी कधी पाहिलं नव्हतं. जात्याचं नाव मात्र मायनं पुन्हा काढलं नाही. आणि कुंदाताईंचा तास बदलला. चाकोरीतल्या त्या खड्ड्यांबद्दल त्या आता सावकाश, वर्गाकडे तोंड करून बोलायच्या. एखादा पोरगा म्हणे, मॅडम, येडेच होते, पाणी उकळून नाही प्यायचे काय? मग त्या सांगायच्या, की पाण्यात काय असतं ते तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हतं. तहानलेल्या लेकराला आईनं पाणी पाजलं, याला चूक म्हणणाऱ्याला मी माझ्या वर्गात बसू देणार नाही. इतिहास शिकवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. मेलेल्या माणसांची अशी बाजू घेणारी एकच पाहिली.

कुंदाताई गेल्यानंतरच्या जलदान विधीच्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. वंदना झाली, लोक जेवून गेले. कुंदाताईंच्या खोलीत खाटेवर माय बसली होती. तिला आता फारसं दिसत नाही, पण पायांच्या आवाजावरून माणूस ओळखते. उशाशी लेकीचा चष्मा तसाच. मी खाली सतरंजीवर बसलो, दारात रेखा उभी होती. मायनं तिला विचारलं, “कुंदाले शेवटी पाणी कोणं पाजलं?”

रेखानं माझ्याकडे पाहिलं. शेवटचे दोन दिवस कुंदाताईंना तोंडानं काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते तिनंच मला बाहेर अंगणात सांगितलं होतं. ओल्या कापसानं ओठ पुसले, एवढंच.

“मीनं पाजलं, माय.”

“पेली काय?”

“पेली. पोटभर पेली.”

माय माझ्या दिशेनं वळली. मी त्या दिवशी नागपुरात नव्हतो. तरी म्हणालो, “होय माय, मीनं माह्या डोळ्यानं पायलं.”

तिनं मान हलवली, लुगड्याचा पदर डोळ्यांना लावला आणि रेखाला म्हणाली, “या सरले पाणी दे.”