पट्टीवरची पडकई

आमच्या वाडीहून खाली डांबरी रस्त्याला यायचं तर वाट एकच. भीमाशंकरच्या जंगलातून उतरणारी आणि एका ठिकाणी कड्याला अगदी चिकटून जाणारी. त्या चिकटलेल्या टप्प्याला आम्ही पट्टी म्हणतो. एका अंगाला काळा कातळ, दुसऱ्या अंगाला खोल खाली जांभळीची झाडं आणि त्यांच्याही खाली ओढा. आमच्या पोरी पट्टीवरून शाळेला जातात, अडलेल्या बाईला झोळीत घालून तिथूनच नेतात, आणि सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईचे ट्रेकर पाठीवर सॅक टाकून तिथूनच वर येतात. त्यांना जंगल दाखवणं हा माझा धंदा, आणि त्यांना नाचणीची भाकरी-पिठलं करून घालणं हा बायकोचा. आमचं घर चालतं ते दोन भातखाचरांवर आणि या वाटेवर.

पावसाळ्यात दरवर्षी पट्टीची कड सुटते. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे सरकारी देखभाल निधीतून तिथं काम निघतं. कातळात भोकं पाडून लोखंडी गज ठोकायचे, वर सिमेंट ओतायचं, असं खरं काम. गेल्या वर्षी ते लांबलं आणि तेवढ्यात माझी चुलती तिथून घसरली. जांभळीच्या बुंध्याला अडकली म्हणून वाचली, पण पाय कायमचा वाकडा झाला. माझी आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून मला या काकीनंच वाढवलंय. त्या दिवशी झोळीची पुढची बाजू माझ्या खांद्यावर होती. रस्त्यापर्यंत ती एकदाही कण्हली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

यंदाही कड तुटली, आणि भात पोटरीत आलं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, तेव्हा बातमी आली की यंदापासून निधीच्या यादीत जंगलवाटांच्या देखभालीला पैसाच ठेवलेला नाही. मोठ्या रस्त्यांना हवा आहे म्हणे. माझं डोकं तसंही लवकर तापतं. मी अर्ज लिहिला, घरोघर जाऊन सह्या आणि अंगठे घेतले. मग कळलं की विधिमंडळाच्या एका समितीतले आमदार भीमाशंकरच्या बाजूला पाहणीला येणार आहेत. सगळे बाहेरच्या जिल्ह्यांतले. ओळख ना पाळख. मी सलग तीन दिवस फोन करून त्यांच्या माणसांना भंडावून सोडलं. शेवटी त्यांच्यातले एक वयस्कर आमदार स्वतःच फोनवर आले. म्हणाले, "अर्ज वाचला. पण चालत येऊनच बघतो. फोटोवर माझा विश्वास नाही."

माझ्या जिवात जीव आला. त्याच संध्याकाळी देवळासमोर सगळ्यांना गोळा करून मी सांगितलं, "मंगळवारी पावणं येणारेत, मोठं पावणं. पट्टी बघायला येत्यात. गावाची अब्रू राखा." आणि सोमवारी सकाळी अर्जाच्या प्रती काढायला घोडेगावला निघून गेलो. रात्री तिथंच नातेवाइकांकडे राहिलो, म्हणजे सकाळी पाहुण्यांना गाठून सोबतच वर यायला बरं. माझी चूक ती एवढीच. पट्टीला हात लावू नका, हे काही मी बोललो नाही. बोलायची गरज असेल असं मला वाटलंच नाही.

मंगळवारी आमदार, त्यांचा सहायक आणि वही घेतलेले एक अधिकारी यांना घेऊन मी वाट चढायला लागलो. आमदारांना दम लागत होता, पण कुरकुर नव्हती. मी वाटेत सगळं सांगत होतो. कड कशी तुटली, बाया कातळाला पोट लावून कशा सरकतात, काकी कशी पडली. शेवटचं वळण आलं आणि माझे पायच थांबले.

पट्टी अखंड होती. तुटलेल्या कडेला छातीएवढी नवी दगडी ताल घातलेली होती, भातखाचराच्या बांधाला घालतो तशी, दगडाला दगड बसवून, फटींत कपच्या ठोकून. वर तांबडी माती चोपून सपाट केलेली. तिच्यावर शेणाचा सडा आणि अलीकडच्या तोंडाशी चक्क रांगोळी. पलीकडे सगळी वाडी उभी होती. पुढं काकी, काठीवर भार देऊन, कोपरापर्यंत वाळलेला चिखल, आणि शेजारी ओवाळायचं ताट घेतलेली माझी बायको. त्यांच्या मागं दगडांच्या चुलीवर भाताचं भगुणं.

काय झालं ते मला एका नजरेत कळलं. आमच्याकडे पडकई असते. कुणाला डोंगरउतारावर नवं खाचर पाडायचं असलं की सगळी वाडी त्याच्या रानात उतरते, ताल घालून देते, मजुरी कुणी घेत नाही, ज्याचं रान त्यानं जेवू घालायचं. काकीनं सोमवारी पट्टीची पडकई घातली होती. पाहुणे येणार, मग वाट अशी मोडकी कशी ठेवायची? इतकं साधं.

"अरे, चांगलीच आहे की वाट," अधिकारी म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

आमदार माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, पण फसवला गेलेला माणूस बघतो तसे. खाचरातली ताल जमिनीत पाया खोदून उभी असते. इथं पायाच नव्हता. उताराच्या कातळावर नुसती माती थापून तिच्यावर दगड बसवले होते. चार कोरडे दिवस निघतील, आणि एक जोराची सर आली की सगळं खाली, बहुतेक कुणाला तरी सोबत घेऊन. हे मला ठाऊक होतं आणि त्या वहीला ठाऊक नव्हतं.

आमदारांनी पाय पुढं टाकला. मी त्यांचा दंड धरला.

"साहेब, थांबा. पाय ठिवू नका."

मी रांगोळीच्या कडेला गुडघे टेकले आणि तालीचा वरचा दगड हलवायला लागलो. हलेना. काकीच्या हातचा होता, ती अख्ख्या वाडीत तालीला नावाजलेली. मी कोयत्याची पाठ फटीत घालून रेटली. मी वर बघितलं नाही, बघितलं असतं तर माझ्यानं पुढं झालंच नसतं. दगड सुटला. जांभळीच्या फांद्या कडकडल्या आणि बऱ्याच वेळानं ओढ्यातून आवाज आला. मागोमाग भरावाची माती घसरली, आणखी चार दगड गेले, अर्धी रांगोळी गेली. पडलेल्या भगदाडातून खाली झाडांचे शेंडे दिसायला लागले.

आमदार उकिडवे बसून त्या भगदाडात बघत राहिले.

"हे कधी बांधलं?"

"काल."

"का?"

"तुमी येणार म्हणून."

त्यांनी मान वर केली. "त्या काठीवाल्या बाई त्याच का, इथून पडलेल्या?"

मी मान डोलावली.

ते अधिकाऱ्यांना म्हणाले, "आत्ता लिहिलंत ते खोडा." सहायकानं दोन-चार फोटो काढले. मग आमदार मला म्हणाले, "मी सभागृहात बोलीन. बोलणं माझ्या हातात आहे, निधी एकट्याच्या हातात नाही." आणि भगदाडाच्या अलीकडून त्यांनी पलीकडच्या माणसांना हात जोडले. पुढं येता येत नव्हतं. ओवाळायचं ताट तसंच राहिलं, भात तसाच राहिला, आणि पाहुणे आले तसे उतरून गेले.

त्यांना रस्त्याला सोडून मी परतलो तेव्हा काकी उंबऱ्यात बसली होती. मी समोर टेकलो.

"पावणं उपाशी गेलं," ती म्हणाली.

"काकी, ती ताल टिकली नसती."

"ठावं हाय मला. माजा पाय मोडलाय, डोकं न्हाई."

"मंग घातलीस कशाला?"

"पावण्याला मोडकी वाट दावायची? आसं कोण करतं का? आन् तू माज्या हातचा दगड समद्यांच्या म्होरं उपसलास."

मला शरम वाटली, आणि रागही आला. तिचा नाही. आमची मोडकी जागा उघडी करून दाखवल्याशिवाय आमचं कुणी ऐकत नाही, याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवर गेलो तर ती माझ्या आधी तिथं. शेजारी कपच्यांची पाटी. पोरींना शाळेला जायचं होतं, आणि दुसरी वाट नाही. मी दगड उचलून देत होतो, ती बसवत होती. भगदाड बुजेपर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. बुजल्यावर मी एकेका पोरीचा हात धरून तिला पलीकडे सोडलं.

चार दिवस असेच गेले. बायकोच मधल्या मध्ये दोघांचे निरोप पोचवत होती. परवा दुपारी सहायकाचा फोन आला. त्या दिवशीच्या फोटोंवर तारीख आणि ठिकाण छापून आलेलं नाही, असे फोटो कागदाला जोडता येत नाहीत. अधिवेशन तोंडावर आलंय, साहेबांना प्रश्न लावायचाय. तुटलेल्या जागेचा नवा फोटो आजच्या आज पाहिजे.

फोन ठेवला आणि मी कपाळाला हात लावला. तुटलेली जागा आता होती कुठं? काकीच्या दारात जाऊन उभा राहिलो. आधी एकदा तिचा दगड उपसला, आता पुन्हा कुठल्या तोंडानं सांगू? शेवटी फोनवरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. उपसायचंय, एवढं मात्र म्हणालो नाही.

तिनं ऐकून घेतलं. काठी उचलली आणि माझ्यापुढं चालायला लागली. पट्टीवर येऊन वाकडा पाय समोर सरळ ठेवून ती खाली बसली. मी कोयता काढला तर म्हणाली, "र्‍हाऊ दे. म्याच बसवलाय, कुठनं सुटतो ते मला म्हाईत हाय."

तिनं एक कपची काढली, मग दुसरी, आणि तळहातानं दगड सरळ बाहेर लोटला. खाली ओढ्यातून आवाज येईपर्यंत दोघंही थांबलो. पाठोपाठ माती गेली. ती होती तिथंच बसून राहिली, भगदाडाच्या काठावर.

"काकी, जरा माघारी सर. फोटो काढतो."

"काढ की. मी बी दिसू दे त्यात," ती म्हणाली आणि लुगडं घोट्याच्या वर सारलं. "आन् पाय बी दिसू दे."

मी तीन फोटो काढले. पाठवले. मग पोरी शाळेतून यायच्या आत आम्ही दोघं दगड परत बसवायला लागलो.